सुटे भाग मागवण्याआधी तारांचं पाकीट बघा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पाच वर्षांपूर्वी घेतलेली स्टील तारांची अकूस्टिक गिटार वर्षभर बॅगेत पडून होती. आता पुन्हा रियाज सुरू केलाय, पण एफची बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायची कॉर्ड) धरताना बोटं दुखून येतात. ट्यूनरवर मोकळ्या तारा बरोबर लागतात, तरी पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवरच्या) कॉर्ड बेसूर वाटतात. तिसरी तार लावताना मध्येच ‘टक्’ आवाज होतो आणि सूर उडी मारून पुढे जातो. आवाज भारदस्त येतो असं वाचलं म्हणून १३–५६ च्या तारा ऑनलाइन मागवून लावल्या, त्या पंधरा दिवसांत काळ्या पडल्या. ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) उतरावी म्हणून व्हिडिओ बघून ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) अर्धा फेरा घट्ट केला. ॲक्शन जेमतेम उतरली, आणि जाड तार तिसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर झणझणायला लागली. बाराव्या फ्रेटवर सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड, तारेची उंची ३.२ मिमी आहे, पहिलीची २.६. आता हाडाचा नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी), हाडाची सॅडल (फळीवरच्या ब्रिजमध्ये बसणारी, तारा टेकायची पट्टी), १८:१ च्या खुंट्यांचा संच आणि पितळी ब्रिज पिना (तारांची टोकं ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या) एवढं कार्टमध्ये टाकून ठेवलंय. बेरीज गिटारच्या निम्म्या किमतीला जाते. भाऊ म्हणतो, ‘त्यापेक्षा नवीन घे, नाहीतर आधी नीट रियाज कर. तुझं लक्ष वाजवण्यापेक्षा खरेदीतच जास्त.’ भाग मागवू, नवी गिटार घेऊ, की आणखी काही?

उत्तर:

कार्ट तशीच राहू द्या, ऑर्डर मात्र अजून देऊ नका. तुम्ही उंचीची मापं दिलीत, तारांचा गेज, म्हणजे जाडी, सांगितलात आणि रॉड फिरवल्याचंही मोकळेपणाने लिहिलंत, त्यामुळे तुमच्या गिटारचं दुखणं बऱ्यापैकी स्पष्ट दिसतंय.

तुमच्या तक्रारी चार आहेत आणि कार्टमधले भागही चार. प्रत्येक तक्रारीमागे एकेक खराब भाग असणार, असं गृहीत धरलेलं दिसतं. गिटारमध्ये सहसा तसं नसतं. दुखणारी बोटं, पहिल्या फ्रेटवरचा बेसूरपणा आणि तिसऱ्या तारेचं ‘टक्’, या तिन्हींचा उगम बहुधा नट आणि त्यातून जाणाऱ्या तारांमध्ये आहे. झणझण तर रॉड घट्ट केल्यावरच सुरू झाली. यातली एकही गोष्ट खुंट्या बदलून जाणार नाही.

तारांपासून सुरुवात करू. स्टील तारांच्या बहुतेक अकूस्टिक गिटार कारखान्यातून १२–५३ च्या तारा लावून निघतात आणि नटाच्या खाचा त्याच मापाला कापलेल्या असतात. हे आकडे म्हणजे पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. १२–५३ च्या संचात तिसरी तार २४ ची, म्हणजे ०.६१ मिमी. १३–५६ मध्ये तीच २६ ची, ०.६६ मिमी. फरक फक्त ०.०५ मिमीचा, पण जेमतेम २४ च्या मापाच्या खाचेत २६ ची तार बसवली की खाच तिला चिमटीत धरते. तुम्ही खुंटी पिळता तेव्हा खुंटी ते नट एवढ्याच तुकड्यात ताण साठत जातो, पलीकडे काहीच सरकत नाही. मग एका क्षणी खाचेची पकड सुटते, साठलेला ताण एकदम पुढे जातो आणि तुम्हाला ‘टक्’ ऐकू येतं. याची खात्री करायची तर तिसरी तार सुरात लावा, नट आणि खुंटी यांच्या मधल्या तुकड्यावर बोटाने एकदा दाबा आणि सोडून द्या. सूर चढला आणि चढलेलाच राहिला, तर तार नटात अडकते आहे.

१८:१ म्हणजे खुंटीचं बटण अठरा वेळा फिरवल्यावर तार गुंडाळणारा दांडा एकदा फिरतो. त्याने बारीक फरक करणं सोपं जातं, इतकंच. तार सुरात टिकण्याशी या आकड्याचा संबंध नाही आणि नटात अडकलेली तार तर तो मुळीच सोडवू शकत नाही. खुंट्या खरोखर गेल्यात का, हे बघायचं असेल तर बटण हळूच मागेपुढे फिरवून बघा. पाव फेरा फिरूनही दांडा हललाच नाही, तर आतले दाते झिजलेत. दांडा डगमगत असेल तर आधी हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागाच्या) पुढच्या बाजूची षटकोनी नळी १० मिमीच्या पान्याने हलकेच आवळा आणि बटणाच्या टोकाचा स्क्रूही बघा. ‘खराब’ ठरवलेल्या कितीतरी खुंट्या एवढ्याने ठीक होतात.

आता बोटांचं. प्रमाण सुरात लावल्यावर १३–५६ चा संच सगळा मिळून सुमारे ८४ किलोचा ताण देतो, १२–५३ चा सुमारे ७४ किलोचा. हा १० किलोंचा फरक तुमचं पहिलं बोट रोज सोसतं आहे, नेक आणि ब्रिजखालची फळीही सोसते आहे. भारदस्त आवाजाबद्दल तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. जाड तारा वरची फळी जास्त हलवतात. पण ज्या हाताला अजून बार कॉर्ड नीट दाबता येत नाही, त्याच्याकडून त्या तारांचा चांगला आवाज निघतच नाही. पहिली खरेदी म्हणून १२–५३ चा एक संच घ्या. बोटं फारच हळवी झाली असतील तर ११–५२ चा घेतला तरी चालेल.

तारा येईपर्यंत एक चाचणी करून ठेवा. कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावा, गिटार पुन्हा सुरात आणा आणि एफचाच आकार एक घर पुढे धरून वाजवा. दाबणं लक्षात येण्याइतकं सोपं झालं आणि कॉर्डही सुरेल वाटली, तर नट उंच आहे हे ठरलंच, कारण कापो लावल्यावर नटाचं काम फ्रेट करू लागतो आणि फ्रेटची उंची बरोबरच असते. नट उंच असला की पहिल्या फ्रेटपर्यंत पोचायला तार जास्त खाली ढकलावी लागते, ती ताणली जाते आणि सूर चढतो. नटाजवळ हा परिणाम सगळ्यात मोठा असतो, पुढे सरकावं तसा कमी होतो. म्हणूनच मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर आणि पहिल्या फ्रेटवरच्या कॉर्ड बेसूर, असं तुमच्याकडे होतंय. कापो लावूनही काहीच फरक पडला नाही, तर मात्र नटाला सोडा आणि पुढे सॅडलचं सांगितलंय तिकडे वळा.

उंची मोजायलाही साधा उपाय आहे. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटच्या अगदी मागे दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट दिसते ते बघा. ८० जीएसएमचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. तो जेमतेम सरकत असेल तर नट उत्तम. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल, म्हणजे फट ०.३ मिमीच्या आसपास असेल, तर तुमच्या बोटांना कोणीही दोष देऊ नये. भावालाही हे दाखवा. रियाजाचं त्याचं म्हणणं एरवी रास्त आहे, पण उंच नटावर रियाज वाढवला तर हाताला जास्त जोर लावायची सवय लागते, आणि ती पुढे चांगल्या गिटारवरही सुटायला वेळ घेते.

तारा बदलण्याआधी गिटार आठवडाभर चांगल्या हवेत राहू द्या. लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं, तशी मापं बदलतात. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की वाद्य सुखात असतं. एक लहान डिजिटल आर्द्रतामापक घेऊन तो बॅगेत ठेवा, कारण खोलीतला आकडा आणि बॅगेतला आकडा बरेचदा जुळत नाही. आर्द्रता फार वाढली की वरची फळी फुगते, ब्रिज उचलला जातो, ॲक्शन वाढते. फार उतरली की फळी बसते, तारा झणझणतात आणि फ्रेटबोर्डच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. ब्रिजच्या मागे आडवी पट्टी ठेवून बघा. थोडा फुगवटा दिसला तर घाबरू नका, स्टील तारांच्या गिटारची फळी मुळातच किंचित कमानदार करतात. पण ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद शिरत असेल तर ब्रिज सुटतो आहे. मग बाकी सगळं थांबवा, तारा सैल करा आणि कारागीर गाठा.

ट्रस रॉडबद्दल इतका गैरसमज पसरलाय की इथे थोडं थांबायला हवं. हा रॉड ॲक्शन उतरवण्यासाठी नसतो. तारा नेकला पुढे ओढतात, रॉड तिला मागे धरतो आणि या दोघांच्या ओढाताणीतून नेकला जी अगदी हलकी बाकदार खोली मिळते, ती ठरवणं एवढंच त्याचं काम. कंप पावणारी तार मध्यभागी सगळ्यात जास्त हलते, त्या हालचालीला जागा म्हणून ही खोली लागते. तुम्ही रॉड घट्ट केलात, नेक सरळ किंवा किंचित मागे झुकलेली झाली, आणि जाड तार तिसऱ्या-पाचव्या फ्रेटवर दाबली की पुढच्या फ्रेटना घासू लागली. ॲक्शन उंच असूनही खालच्या फ्रेटवर झणझण, या जोडीचं पहिलं कारण नेहमी हेच तपासायचं. फक्त मोकळी तार झणझणत असती तर नटाची खाच खोल गेलीय असं म्हटलं असतं, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या पुढे झणझणत असती तर नेकला खोली जास्त झाल्याचा संशय घेतला असता.

रॉड परत सोडवायचा आहे, पण नव्या तारा लावल्यानंतरच. १२–५३ चा ताण कमी असल्यामुळे नेक आणखी थोडी मागे जाईल. आधी रॉड लावून मग तारा बदलल्यात, तर तेच काम पुन्हा करावं लागेल. नव्या तारा सुरात आल्यावर कापो पहिल्या फ्रेटवर लावा, सहावी तार जिथे नेक खोक्याला मिळते त्या फ्रेटवर, म्हणजे बहुतेक गिटारवर चौदाव्या, दाबून धरा आणि सातव्या फ्रेटच्या आसपास तारेखालची फट बघा. ०.१ ते ०.२५ मिमी हवी, म्हणजे एक कागद सहज, दोन चालतील, तीन अडकले पाहिजेत. फट नसेलच तर रॉडच्या टोकाकडे तोंड करून घड्याळाच्या उलट दिशेने एक अष्टमांश फेरा सोडवा, गिटार पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. एका बैठकीत पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका आणि रात्रभर थांबून दुसऱ्या दिवशी परत बघा, लाकूड सावकाश वळतं. चावी बरोबर मापाचीच हवी. बहुतेक ठिकाणी ४ किंवा ५ मिमीची षटकोनी चावी चालते, काही गिटारना ३/१६ इंचाची, म्हणजे ४.७६ मिमीची लागते. त्यात ५ ची शिरत नाही आणि ४ ची ढिली बसून आतले कोपरे खाते. कोपरे गेले की साधं काम महागडी दुरुस्ती होऊन बसतं. सोडवतानाही जोर लावावा लागत असेल तर हात काढून घ्या.

तारा लावताना दोन गोष्टी सांभाळा. ब्रिज पिन तारेला वजनासारखी दाबून धरत नाही, ती फक्त पाचर असते. तारेच्या टोकाचा गोळा ब्रिजखालच्या फळीला आतून टेकला पाहिजे. गोळा पिनेच्या टोकावरच अडकला तर ताण येताच पिन वर उचलली जाते आणि तार सरकत राहते, मग ‘सूर टिकत नाही’ अशी तक्रार होते. म्हणून गोळ्याजवळ तार किंचित वाकवा, पिनेची खाच साउंडहोलकडे ठेवून पिन बसवा आणि ती अंगठ्याने दाबून धरत तार वर ओढा. गोळा जागेवर बसल्याचं हाताला कळतं. फोनचा कॅमेरा साउंडहोलमधून आत धरून एक फोटो काढलात तर दिसेलही. दुसरं म्हणजे खुंटीवर जाड तारांना दोनेक वेढे आणि बारीक तारांना तीनेक वेढे पुरतात, वेढे वरून खाली जायला हवेत. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ हलकेच वर ओढून पुन्हा सुरात लावा, असं चार-पाच वेळा. नव्या तारांची ढील निघाली की पहिल्या दिवसाचा निम्मा त्रास जातो. आणि सूर नेहमी खालून वर आणून लावायचा. वर गेला तर बराच खाली उतरवून पुन्हा वर आणा.

नव्या तारा बसवताना खाचा मोकळ्या दिसतील तेव्हा मऊ पेन्सिलीचं, २बी किंवा त्याहून मऊ, टोक खाचेत फिरवा. ग्राफाइटने तार सरकती राहते. २४ ची तार आणि ग्राफाइट एवढ्यानेच तिसऱ्या तारेचं ‘टक्’ बंद होण्याची दाट शक्यता आहे.

नट मात्र घरी घासू नका. खाच खोल करायला तारेच्या मापाच्या खास कानशी लागतात आणि खाचेचा तळ हेडस्टॉककडे उतरता ठेवावा लागतो. उतार उलटा झाला तर तार खाचेच्या मागच्या काठावर टेकते, सतारीसारखा झंकार येतो आणि सूरही बिघडतो. ०.१ मिमी जास्त घासलं की मोकळी तार झणझणते आणि ते परत भरून काढणं सोपं नसतं. सहा कानशींचा संच एका नटासाठी घेणं परवडत नाही, सरावलेल्या हाताला हे काम अर्ध्या तासाचं आहे. तुमच्या कार्टमधला हाडाचा नट इथे अडचणच करेल, कारण खाचा पाडून मिळणारे तयार नट मुद्दाम उंच ठेवलेले असतात, म्हणजे जे घासकाम जुन्या नटावर करायचंय तेच नव्यावर करावं लागणार. शिवाय जुना नट काढताना हेडस्टॉकच्या लॅकरचा तुकडा निघण्याचा धोका वेगळाच. नट तडकला असेल किंवा खाचा झिजून खोल गेल्या असतील तरच बदला.

सॅडलचं काम घरी जमण्यासारखं आहे, पण ते शेवटचं. नट ०.३ मिमी उतरला की बाराव्या फ्रेटवरची उंचीही ०.१५ मिमी कमी होते, तारा आणि रॉड बदलल्यावर ती आणखी इकडेतिकडे होते. त्यामुळे आजच्या ३.२ वर हिशोब मांडू नका. सगळं झाल्यावर, गिटार सुरात लावून पुन्हा मोजा. बहुतेकांना सहावी तार २.४ आणि पहिली १.६ ते १.८ मिमी असली की आराम वाटतो. समजा सहावी ३.० भरली. ०.६ कमी करायची तर सॅडल त्याच्या दुप्पट, म्हणजे १.२ मिमी घासावी लागेल, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. पहिल्या तारेच्या बाजूचा हिशोब वेगळा करा. सॅडलच्या दोन्ही टोकांना खालून तेवढ्या उंचीवर पेन्सिलीने खूण करून रेघ ओढा, सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, रेघेच्या जरा अलीकडेपर्यंत घासा आणि शेवट २२० व ४०० वर करा. घासायचं खालूनच, वरची कमान आणि दुसऱ्या तारेसाठी मागे सरकवलेली पायरी यांना हात लावायचा नाही. सॅडल हातात नीट उभी न धरता घासली तर तळ तिरका होतो. गिटारमध्ये सॅडलखाली पिकअप (आवाज ॲम्पकडे नेणारा भाग) असेल तर तिरक्या तळामुळे ॲम्पवर एखादी तार दबकी आणि एखादी मोठी वाजते, आणि लोक पिकअपला दोष देत बसतात. घासून झाल्यावर ब्रिजच्या वर निदान २ मिमी सॅडल उरली पाहिजे, नाहीतर तारेचा सॅडलवरचा दाब कमी पडून आवाज मिळमिळीत होतो.

म्हणून कार्टमधली सॅडल ही एकच वस्तू मला पटते. हाडाने आवाजात जादू होईल म्हणून नव्हे. मूळ सॅडल तशीच जपून ठेवून नवीवर हात साफ करता येतो, हा तिचा खरा फायदा. जास्त घासली गेली तर जुनी बसवून गिटार पुन्हा चालू. पोकळ प्लास्टिकच्या सॅडलपेक्षा हाड किंवा टस्कसारखं घट्ट कृत्रिम साहित्य आवाज थोडा उजळ करतं, पण बसवणी सैल असेल तर तो फरकही दिसत नाही. हाड घासताना तोंडाला मास्क लावा, धूळ बारीक असते. दाढ कोरताना येतो तसा वास आला तर ते खरंच हाड आहे, प्लास्टिकला तसा वास येत नाही.

पितळी पिना राहू द्या. त्यांनी ब्रिजवर वजन वाढतं, आवाजात फरक पडला तरी किंचित, आणि पिनांचा निमुळतेपणा दोन प्रचलित मापांचा असतो, ३ अंशांचा आणि ५ अंशांचा. ५ च्या भोकात ३ ची पिन घातली तर ती डुगडुगते किंवा खोल रुतते, आणि ठोकून बसवायला गेलं तर ब्रिजला भोकांच्या ओळीत तडा जातो.

ऑनलाइन भाग मागवताना चुका होतात त्या मापांच्या. डिजिटल कॅलिपर नसेल तर सॅडलच्याही आधी तो घ्या. सॅडल काढून तिची लांबी, जाडी आणि दोन्ही टोकांची व मधली उंची लिहा. जाडी २.४, २.५, ३ किंवा ३.२ मिमी यांपैकी काहीही निघू शकते, आणि ‘३ मिमी’ म्हणून विकलेली सॅडल प्रत्यक्षात २.८ ची येते, ३.२ चीही येते. म्हणून ब्रिजमधल्या खाचेची रुंदीही मोजा आणि सॅडल तिच्यापेक्षा किंचित जाड मागवा. जाड सॅडल घासून बसवता येते. पातळ सॅडल खाचेत पुढे कलते, तारेची लांबी बदलते आणि वरच्या फ्रेटवर सूर चुकतात. वरच्या कमानीची त्रिज्याही फ्रेटबोर्डशी जुळायला हवी. मार्टिन बहुधा १६ इंचाची ठेवते, टेलर १५ ची, गिब्सन १२ ची. तुमच्या गिटारची माहीत नसेल तर जुन्या सॅडलची बाह्यरेषा कागदावर गिरवून नवीवर उतरवा. नट कधी घ्यायचाच झाला तर लांबी, जाडी आणि पहिल्या ते सहाव्या तारेच्या खाचांमधलं अंतर, ही तिन्ही मापं लागतात. ४३ मिमीच्या दोन नटांमध्येही खाचांमधलं अंतर वेगळं असू शकतं. खुंट्या घेताना हेडस्टॉकचं भोक मोजा, हल्लीच्या बंद डब्यांच्या खुंट्यांना १० मिमी लागतं, जुन्या धाटणीच्या उघड्या खुंट्यांना साधारण ८.५ ते ८.८, आणि मागच्या स्क्रूची जागा व कोन फोटोत ताडून बघा. नाहीतर जुन्या भोकाशेजारी नवी भोकं पाडावी लागतात.

वर्णनात ‘सगळ्या गिटारना बसतं’ एवढंच असेल तर विक्रेत्याने मापच दिलेलं नाही असं समजा. कॅलिपर लावलेला फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि घासण्याआधी सगळी मापं घ्या, एकदा पॉलिश पेपर लागला की परत करण्याचा हक्क गेला.

तुमच्या काळ्या पडलेल्या तारांबद्दल दोन शक्यता आहेत. काहींच्या घामाने ब्राँझ लवकर काळवंडतं, त्यातही ८०/२० ब्राँझ फॉस्फर ब्राँझपेक्षा लवकर. हात धुऊन वाजवणं आणि झाल्यावर कोरड्या कापडाने तारांच्या खालची बाजूसुद्धा पुसणं, एवढ्याने आयुष्य बरंच वाढतं. तरी पंधरा दिवस फारच कमी आहेत, त्यामुळे नकली मालाची शंका घ्यायला हवी. नावाजलेल्या तारांच्या नकला सर्रास विकल्या जातात. डॅडारिओचं उदाहरण घ्या. त्यांच्या सहाही तारा एका हवाबंद पिशवीत येतात आणि टोकाच्या गोळ्यांना ठरलेले रंग असतात. पहिलीपासून सहावीपर्यंत चंदेरी, जांभळा, हिरवा, काळा, लाल आणि पितळी. सगळे गोळे एकाच रंगाचे किंवा प्रत्येक तार वेगळ्या कागदी पाकिटात असेल तर परत पाठवा. ब्रँड कुठलाही असो, त्याच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीतल्या दुकानातूनच घ्या.

याच विचारात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. तिची फळी आणि ब्रिज निम्म्याच्या आसपासच्या ताणासाठी बनवलेले असतात. तिच्यावर बाराव्या फ्रेटला ३ ते ४ मिमी उंची ही उंच ॲक्शन नव्हे, ती तिची नेहमीची उंची आहे. इलेक्ट्रिक गिटारचा आवाजाचा नॉब खरखरत असेल तर पॉट (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) बदलण्याआधी त्याच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारून नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. बदलायचाच झाला तर सिंगल कॉइल पिकअपला साधारणपणे २५० के आणि हमबकर पिकअपला ५०० के, आणि दांडा गुळगुळीत ६.३५ मिमीचा आहे की दातेरी ६ मिमीचा हे आधी बघा, नाहीतर जुने नॉब बसत नाहीत. ट्रेमोलो ब्रिज (दांडीने सूर हलवता येणारा ब्रिज) मागवताना तारांमधलं अंतर १०.५ की १०.८ मिमी, आणि स्क्रू दोन की सहा, एवढं न मोजता ऑर्डर देऊ नका.

नव्या गिटारचा मुद्दा राहिला. सॅडल आधीच ब्रिजला टेकत आली असूनही ॲक्शन उंच असेल, तर नेकचा कोन बिघडलाय आणि तो दुरुस्त करायचा खर्च मोठा असतो. ब्रिज उचलला जात असेल, फळीच्या आतली आधाराची पट्टी सुटली असेल, किंवा रॉड काहीच परिणाम न करता फिरत असेल, तेव्हाही नव्या गिटारचा विचार जरूर करा. कोन बघायला फ्रेटवर लांब सरळ पट्टी ठेवून ब्रिजपर्यंत न्या. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याच्या जवळपास आलं तर ठीक, त्याच्या बरंच खाली आदळलं तर कोन गेलाय. यातलं काही नसेल तर नवी घेण्याचं कारण मला दिसत नाही. कारखान्यातून येणाऱ्या गिटारचे नट बरेचदा उंचच असतात, त्यामुळे नवीवरही हेच घासकाम करावं लागेल.

कारागिराकडे जाताना १२–५३ च्या तारा लावलेल्या, दोन-तीन दिवस सुरात राहिलेल्या गिटारसकट जा आणि त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: हाच गेज पुढे ठेवणार आहे, हात हलका आहे की जोरात स्ट्रमिंग करता, आणि नटाच्या खाचा उतरवायच्या आहेत, नट बदलायचा नाही. ‘सेटअप करून द्या’ एवढंच म्हटलंत तर तो त्याच्या हाताला बरं वाटेल असा सेटअप करेल. रॉड त्यानेच लावला तरी हरकत नाही. काम झाल्यावर पहिली आणि सहावी तार बाराव्या फ्रेटवर किती ठेवली ते मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. सॅडल बदलली असेल तर जुनी मागून घ्या, तिच्यावर पेन्सिलीने उंची लिहा आणि गिटारच्या बॅगेच्या खिशात टाका.